रान मागणारी राणी

"थांब," आई फोनवर म्हणाली. "ह्ये पुस्तकात न्हाई."

मी थांबले. मंचरच्या स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीला मी आतून फळी लावून घेतली होती. समोर डब्यात अर्धी भाकरी, शेजारी सहावा खंड उघडा, आणि माझं बोट अशा ओळीवर होतं जी मी वाचतच नव्हते. फोनमधून वारा आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या तेवढ्या ऐकू येत होत्या. वीस वर्षं या स्टँडवरची माणसं माझ्या आवाजावर विश्वास ठेवत आली आहेत. पारगाव गाडी फलाट तीनवर लागेल म्हटलं की म्हातारीकोतारी पिशव्या उचलून तीनकडे चालायला लागतात, कशावरून म्हणून कुणी विचारत नाही. आणि शाळेची पायरी न चढलेली एक बाई, खोडदच्या माळावर बाभळीखाली बसून, मला ठणकावून सांगत होती की मी वाचते आहे ते लिहिलेलंच नाही. तिचं बरोबर होतं. चार दुपारी मी पुस्तक समोर धरून खोटं वाचत होते. कशासाठी, तेही सांगून टाकते, कारण लपवाछपवी मला जमत नाही हे त्या दिवशी सिद्धच झालं. त्याच शुक्रवारी आईची सगळी मेंढरं विकायची ठरली होती. गिऱ्हाईक माझ्या धाकट्या भावानं, सोमनाथनं, बघितलं होतं. आईला ते माहीत नव्हतं. तिचं मन वळवायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी राणी वज्रलेखेच्या गळ्यात घातलं होतं.

वज्रलेखा कोण, तर कुणीच नाही. कुठल्याच इतिहासात ती सापडायची नाही. तिच्या राज्यात डोंगर रात्रीतून जागा बदलतात, तिची पांढरी घोडी माणसासारखी बोलते, आणि तिच्या सिंहासनाखाली एक बिबट्या मांजरासारखा झोपलेला असतो. सहा खंड आहेत. स्टँडवरच्या पुस्तकांच्या टपरीतून पहिला घेतला तेव्हा माझं लग्न मोडून वर्ष झालं होतं आणि घरी गेल्यावर बोलायला कुणी नव्हतं. तेव्हापासून मी राण्यांच्याच कादंबऱ्या वाचते. तलवार चालवणाऱ्या, विषाचा पेला परतवणाऱ्या, दरबारात सगळ्यांच्या आधी बोलणाऱ्या राण्या. कँटीनचे गेणभाऊ मला राणीसरकारच म्हणतात. "राणीसरकार, च्या धाडू का? का आज स्वारीवर हायसा?" मी त्यांना दटावते, पण खोटं कशाला बोलू, हाक आवडते. एकदा एक प्राध्यापक खिडकीशी आले, भीमाशंकर गाडीची वेळ विचारली, आणि पुस्तकाचं मुखपृष्ठ बघून म्हणाले, "मॅडम, असलं काल्पनिक वाचण्यापेक्षा खऱ्या राण्यांचा इतिहास वाचा की." मी म्हटलं, "खरी राणी मला रोज पावणेदोनला फोन करते." ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

आईला वाचून दाखवायची सुरुवात करोनाच्या वर्षी झाली. गाड्या बंद, मी घरात, ती माळावर. फोनवर आम्ही दोघी बोलून बोलून काय बोलणार? जेवलीस का, जेवले, तू जेवलीस का. मग एके दिवशी मी वाचत होते ते तसंच मोठ्यानं वाचत गेले आणि चाळीस मिनिटं आई अवाक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच फोन केला, "त्या बाईचं फुडं काय झालं?" तेव्हापासून दुपारी मेंढरं सावलीला बसली की ती फोन लावते. खोडदला त्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या आहेत ना, त्यांच्या कुंपणाला लागूनच तिचं चरायचं रान. तिथल्या साहेबांनी तिला कधीतरी समजावून सांगितलं, आजी, फोन चालू असला की आम्हाला वरचं ऐकू येत नाही. आईला ते फार पटलं. ऐकणाऱ्या माणसाला त्रास देऊ नये. म्हणून फोनसाठी ती ओढा ओलांडून पलीकडच्या बाभळीखाली येते, आणि मेंढरंही तिच्यामागं ओढा ओलांडतात. एका कादंबरीपायी ऐंशी मेंढरांनी रोज ओढा ओलांडायचा, हा मान कुठल्या लेखकाला मिळाला असेल?

घोडी बोलते याला आईची हरकत नव्हती. "बोलत आसंल. आपली काळी घोडी काय कमी बोलायची?" डोंगर जागा बदलतो म्हटल्यावर तर ती हुंकार भरायची. माळशेजच्या धुक्यात तिनं ते अनेकदा बघितलेलं. बिबट्या सिंहासनाखाली झोपतो यावर मात्र ती कुत्सितपणे म्हणाली होती, "म्हंजे त्या राजवाड्यात कुत्रं शिल्लक नसंल." पण तिचा खरा राग एकाच गोष्टीवर. वज्रलेखेची फौज मुक्काम करायची. पाच हजार घोडेस्वार, हत्ती, तंबू, शेकोट्या. लेखकमहाशय ते रंगवून रंगवून दोन-दोन पानं लिहायचे, आणि दर वेळी आई मधेच विचारायची, "कुनाच्या रानात?" मी म्हणायची, अगं, ते काही लिहिलेलं नाही. "न्हाई म्हंजे? पाच हजार घोडी काय हवेत उतरली? धनी कोन रानाचा? इचारलं का त्येला?" राणी आहे ती आई, तिला कोण विचारणार. "तिला कोन न्हाई इचारनार. तिनं इचारायचं." पाच खंडांत एकवीस मुक्काम झाले. मी मोजलेत, कारण एकवीस वेळा आमचं हेच भांडण झालं. शेवटी शेवटी ती नुसतं म्हणायची, "शिकलेली दिसत न्हाई."

तिचं चुकत नव्हतं. आमचं अख्खं लहानपण रान मागण्यात गेलं. दिवाळी झाली की खोडदहून मेंढरं घेऊन निघायचं, जुन्नरच्या अलीकडून वळायचं, मढ ओलांडून माळशेज घाट उतरायचा आणि पावसापर्यंत कोकणात राहायचं. रोज संध्याकाळी एका नव्या शेताच्या बांधाशी उभं राहायचं. शेतात मेंढरं बसली की लेंडीखत पडतं, ते शेतकऱ्यालाही हवंच असतं, तरी मागायचं आपण. वडील होते तोवर ते मागायचे. ते गेले तेव्हा मी अकराची, सोमनाथ आईच्या पाठीवर. त्या दिवाळीनंतर आई पहिल्यांदा बांधाशी उभी राहिली. पदर कपाळापर्यंत, हातात काठी, मागं सगळी मेंढरं थांबलेली. "धनी, आज बसू का?" एवढंच. चपला काढून बांधाच्या बाहेर. बसा म्हटलं की बसायचं. नाही म्हटलं की "बरं" म्हणायचं आणि पुढं चालायचं. मढच्या अलीकडे एकदा सलग तीन धन्यांनी नाही म्हटलं. अंधारून आलं होतं, माझ्या पायात काटा मोडलेला. मी रडत म्हटलं, आई, विचार ना त्यांना, का नाही म्हणतात. आईनं मला थोबाडीत मारायचंच बाकी ठेवलं. "का म्हनून इचारायचं न्हाई. रान त्येचं हाय. त्येनं न्हाई म्हनायचं, आपुन फुडं चालायचं." मला तेव्हा ती लाचारी वाटली. आज मला वाटतं, बांधाशी उभं राहून एवढ्या ताठ मानेनं मागता येणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्याच वर्षी नाणेघाटाच्या वर गारा पडल्या आणि आम्ही तिथल्या लेण्यात शिरलो. कोकरं भिंतीला लागून बसवली, आईनं तीन दगड मांडून चूल केली. भिंतभर काहीतरी खरडलेलं होतं, कोकरं त्याला अंग घासत होती. पुढं सातवीत शाळेची सहल तिथंच गेली. गुरुजी म्हणाले, ही सातवाहनांच्या राणीनं कोरून घेतलेली अक्षरं, दोन हजार वर्षांची. मी हात वर करून सांगितलं, गुरुजी, इथं माझ्या आईनं कोकरं बसवली होती. वर्ग हसला, गुरुजीही हसले. मी नाही हसले. मला त्या वेळी छातीत काहीतरी वर येत गेल्यासारखं झालं, आणि ते लाजेचं नव्हतं. भिंतीवर एक राणी होती आणि भिंतीखाली एक, गारांच्या रात्री दोघींनी मिळून बावन्न कोकरं वाचवली होती. एवढा साधा हिशेब त्या वर्गात कुणाला कळला नाही. राण्यांचं माझं वेड तिथलं आहे. वज्रलेखा वगैरे फार नंतरच्या.

आणि त्याच आईला मी फसवत होते. गेल्या साली घाट उतरताना तिचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. सत्तरी उलटून गेलेली. सहा महिने ती सोमनाथकडे पारगावला होती. तो तिथं साखर कारखान्यात फिटर आहे, दोन खोल्या बांधल्यात, दारात गाडी. आई तिथं भिंतीकडे तोंड करून बसायची. काठीनं चालता येऊ लागल्याबरोबर ती खोडदला मेंढरांत परतली. सोमनाथ मंचरला आला, माझ्यासमोर रडला. "ताई, यंदा ती घाटात मरंल. मला तसला फोन घ्यायचा न्हाई. गिऱ्हाईक बघितलंय मी, शुक्रवारी टेम्पो घिऊन येतोय. तिला तू सांग, तुझं आयकती ती." मी म्हटलं, वळवते. म्हटलं आणि मला गर्वही वाटला, की हे मलाच जमेल.

आता सहाव्या खंडाचं असं आहे की त्यात वज्रलेखाही म्हातारी झालेली आहे. मुलगा म्हणतो, आईसाहेब, राजमुद्रा द्या, विश्रांती घ्या. दरबार त्याच्या बाजूनं. आणि ती बया शेवटच्या प्रकरणात पांढऱ्या घोडीवर बसून घाट उतरून जाते! मी ते आधी एकटीनं वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका राणीचा मला संताप आला. माझ्या काय उपयोगाचा हा शेवट? म्हणून मी दुसरा केला. पुस्तक समोर ठेवायचं, पानं उलटल्याचा आवाज करायचा, आणि मनानं रचत जायचं. पहिल्या दुपारी राणीचे गुडघे दुखवले. दुसऱ्या दुपारी घोडीच म्हणाली, महाराणी, माझे पाय थकले. तिसऱ्या दुपारी मी राणीकडून मुद्रा देववली, लेकीच्या हातात, लेकाच्या नाही. आई पलीकडे फार गप्प होती. मला वाटलं, जमलं. चौथ्या दुपारी, म्हणजे त्या बुधवारी, नुसता शेवट गोड करायचा होता. राणी फौजेचा निरोप घ्यायला निघते, संध्याकाळ होते, एका बाजरीच्या शेताशी लोक थांबतात. "राणी घोडीवरून उतरली," मी वाचल्यासारखं केलं, "आणि स्वाराला म्हणाली, जा, आधी रानाच्या धन्याला विचारून ये, आज इथं बसू का."

"थांब," आई म्हणाली. "ह्ये पुस्तकात न्हाई."

"कशावरून म्हणतेस?"

"पाच पुस्तकं झाली, साळू. त्या बाईनं येकदाबी रान मागितलं न्हाई. आज कसं मागितलं?" घंट्यांचा आवाज. मग आई हसली. सळई घातल्यापासून ती अशी हसलेली मी ऐकली नव्हती. "मागनारी ती न्हाई. ती तू हाईस."

मला तोंडावर पाणी मारल्यासारखं झालं. रचताना मी किती जपलं होतं! लेखकाची भाषा, त्याचे अलंकार, 'तेजःपुंज' आणि 'धीरगंभीर', सगळं जसंच्या तसं. आणि मुक्काम आल्याबरोबर माझ्या नकळत माझी राणी जणू चपला काढून बांधाशी उभी राहिली. कारण मला दुसरं काही सुचूच शकत नाही. एखाद्याच्या रानात न विचारता उतरणारी बाई मला रचताच येत नाही. पकडले गेले होते आणि छाती मात्र फुगत होती, हे कसलं विचित्र!

"लई ग्वाड वाटलं," आई म्हणाली. "माझ्या लेकीची राणी शिकलेली हाय." मग ती थांबली. तिचा आवाज बदलला नाही, चढला नाही. "पर त्या राणीचा शिक्का काढून घेतला तवा तिला कुनी इचारलं व्हतं का?"

मी पुस्तक मिटलं.

"शनवारी दोन मानसं येऊन मेंढरांच्या तोंडात हात घालून दात बघून गेली. म्हनली, आजी, पानी प्यायला आलोय. पानी पिनारा मानूस मेंढराचे दात बघतो व्हय? मी म्हनलं, सोमनाथ घाबरलाय, घाबरू दे. लेकरू हाय. पर साळू तर मला इचारंल. तीन दिस वाट बघितली. तू वाचत ऱ्हायलीस."

तीन दिवस! म्हणजे गुडघे दुखत होते तेव्हाही तिला माहीत होतं, मुद्रा दिली तेव्हाही माहीत होतं. ती गप्प बसली होती ती मन वळलं म्हणून नव्हे. बांधाशी उभं राहून मी कधी विचारते याची ती वाट बघत होती. बाहेर कुणीतरी फळीवर टकटक केलं, "मॅडम, शिरूर गेली का?" मी ऐकलं नाही असं केलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

शरम वाटली, ती लपवत नाही. परक्याच्या बाजरीच्या शेतासाठी स्वार पाठवणारी मी, आणि माझ्या आईचं अख्खं राज्य शुक्रवारी टेम्पोत चढवायला निघाले होते, तिला न विचारता. तिच्या भल्यासाठीच. त्या पाच हजार घोडेस्वारांचंही असंच काहीतरी म्हणणं असेल. टेबलाखाली माझ्या चपला होत्या. मी त्या पायानं बाजूला सारल्या. ते नाटक नव्हतं, पाय आपोआप तसे गेले.

"आई," मी म्हटलं. "विचारते. मेंढरं विकायची का?"

"न्हाई."

त्या एका शब्दात घाट होता, सळई होती, सोमनाथचं रडणं होतं. 'का' हा शब्द माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आला. अगं, पडशील, मरशील, का हट्ट करतेस, का? मग मला मढच्या अलीकडची ती संध्याकाळ आठवली, पायातला काटा, आणि तिसऱ्या धन्यानं नाही म्हटल्यावर काठी उचलून वळलेली आई.

"बरं," मी म्हटलं.

पलीकडे एक कोकरू ओरडलं, तिनं त्याला काहीतरी पुटपुटून गप्प केलं. माझं 'बरं' तिनं पारखून घेतलं असावं, कारण पुढं ती बोलली ते अगदी वेगळ्या, सैल आवाजात. "आता आयक. यमाजी भावजींशी बोलले मी दसऱ्यालाच. त्येंची आन आपली, दोन्ही वाड्यांची मेंढरं यंदा येकत्र. घाट त्ये उतरिवनार, त्यांची पोरं हायेत तरणी. मी घाटात पाय ठिवत न्हाई. मला काय हाडं मोडायची हौस हाय? मढपातूर चालंन, तिथनं एसटीत बसंन आन खाली जाऊन त्यांची वाट बघंन. हापतिकीट लागतंय म्हनं बायांना."

दसऱ्याला. म्हणजे सोमनाथ माझ्याकडे येऊन रडायच्या तीन आठवडे आधी तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही मी येऊ दिलं. सहा खंडांत लेखकमहाशयांना हे सुचलं नाही. राणीनं फौज घाटानं पाठवावी आणि आपण एसटीनं उतरावं!

"सोमनाथला काय सांगू?"

"सांग, धन्यानं रान दिलं न्हाई. त्यो बी मेंढरांतच वाढलाय, त्येला कळंल." मग तिला काहीतरी आठवलं. "आन तू तिथं बसतीस म्हनून इचारते. घाट उतरनारी गाडी मढला कवा येती? रविवारची."

मला प्रत्येक गाडीची वेळ तोंडपाठ आहे. वीस वर्षं त्या खुर्चीत बसूनच मी आमदारांना, फौजदारांना, त्या प्राध्यापकांना वेळा सांगितल्या. कुणासाठी उठले नाही, उठायची पद्धतही नाही. फळीवर पुन्हा टकटक झाली. मी फळी काढली, तर बाहेर गेणभाऊ चहाचा पेला घेऊन उभे. आत मी अनवाणी, फोन कानाला, डोळे ओले. "काय झालं, राणीसरकार?" ते घाबरून म्हणाले. मी त्यांना बोटानं गप्प केलं. राणी मी नव्हते, राणी फोनवर होती.

मी खुर्ची मागं सारली आणि उभी राहिले. "कल्याण गाडी," मी म्हटलं, लाउडस्पीकरवर म्हणते त्याहून मोठ्यानं, "मढला सकाळी सव्वानऊ. खिडकीजवळची जागा धरून ठेवायला सांगते."

"नगं," आई म्हणाली. "मी आत चढले की इचारीन, बसू का म्हनून."